वॉचमनची पडताळणी नेमकी केली कोणी? सही कोणाची आहे ते तरी सांगा

कोलशेतकर | रविवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला कोलशेतच्या बाजूला राहतो, पाच टॉवरची सोसायटी आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे जे झालं ते लिहितोय, लांबेल थोडं, पण पूर्ण वाचा आणि कोणाला यातलं माहीत असेल तर नक्की सांगा.

सी टॉवरला सहाव्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, वय ८१. मुलीकडे पुण्याला आठ दिवस गेले होते, परत आले तर कुलूप नीट लावलेलं पण कपाटातल्या आजींच्या पाटल्या आणि मंगळसूत्र गायब. आणि त्याच्या आदल्या दिवसापासून नाइटचा वॉचमन ड्युटीवर नाही, फोन बंद. हाच माणूस आजोबांना औषधं आणून द्यायचा, गॅसचा सिलिंडर आत सरकवून द्यायचा. त्यानेच चोरी केली असं मी म्हणत नाही, तपास चालू आहे. माझा मुद्दा वेगळाच आहे.

पोलिसांनी विचारलं त्याचं नाव काय, राहतो कुठे. आम्ही एजन्सीने दिलेली फाइल काढली. आधारची झेरॉक्स, एक फोटो, आणि पोलीस पडताळणीचा भरलेला फॉर्म. फॉर्मवर शिक्का नाही, आवक क्रमांक नाही, काही नाही. आधारवरचा नंबर निघाला दुसऱ्याच कोणाचा तरी, त्या पत्त्यावर या चेहऱ्याचा माणूस कधी राहिलाच नाही. म्हणजे अकरा महिने जो माणूस आमच्या गेटवर उभा होता, शाळेच्या बसमधून उतरलेल्या आमच्या पोरांना हात धरून रस्ता ओलांडून देत होता, तो कोण होता हे आज ठाणे शहरात कोणालाही सांगता येत नाही.

एजन्सीला विचारलं तर म्हणे फॉर्म आम्ही पोलीस स्टेशनला दिलेत, ते पोचपावती देत नाहीत त्याला आम्ही काय करणार. पोलीस स्टेशनला विचारलं तर म्हणे असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही, सोसायटीने बघायला हवं होतं. आणि मग काय झालं, तर नोटीस आली आमच्या सेक्रेटरींना! पडताळणी न करता माणूस ठेवला, पोलीस आयुक्तांच्या आदेशाचा भंग, भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, वय ६८, बीपीचा त्रास. तीन दिवस रोज स्टेशनच्या बाकड्यावर बसून आले. पगार न घेता सोसायटीचं काम करतात हो ते.

मी आठवडाभर बसून कायदा वाचला. खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५ चा आहे. त्यात सरळ लिहिलंय की लायसन्सशिवाय एजन्सी चालवता येत नाही, लायसन्स पाच वर्षांचं, आणि ते देणारा नियंत्रक प्राधिकारी हा राज्याच्या गृह विभागातला, सहसचिव दर्जाच्या खालचा नाही. कलम १० मध्ये वॉचमन कोण होऊ शकतो ते दिलंय, वय १८ ते ६५, भारताचा नागरिक किंवा केंद्राने ठरवलेल्या देशाचा, आणि चारित्र्य आणि पूर्वइतिहास तपासून एजन्सीचं समाधान झालेलं पाहिजे. २००६ च्या केंद्राच्या नमुना नियमांत ट्रेनिंगपण आहे, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान वीस दिवस. आमच्याकडचे वॉचमन शनिवारी गावाहून येतात आणि रविवारी गेटवर उभे असतात, त्यांचे वीस दिवस कुठे झाले? कलम १६ प्रमाणे नियंत्रक प्राधिकाऱ्याला एजन्सीच्या ऑफिसात जाऊन रेकॉर्ड तपासायचा अधिकार आहे. कलम १० मोडलं तर पंचवीस हजारापर्यंत दंड, शिवाय लायसन्स निलंबित किंवा रद्द.

आता सांगा, आमच्या एजन्सीचं लायसन्स भिंतीवर फ्रेम करून लावलंय, खरं आहे, मी बघून आलो. ते देताना आणि दिल्यानंतर या लोकांची रजिस्टरं कोणी उघडून बघितली का? बघितली असतील तर सही कोणाची? आणि नसतील बघितली तर नोटीस फक्त सेक्रेटरीलाच का? मला त्या वॉचमनपेक्षा याचा जास्त राग येतोय.

ब्रह्मांड_रहिवासी | रविवार, सकाळी ९.४०

आमच्याकडेही डिट्टो. फॉर्म फाइलला आहे, शिक्का नाही. आत्ता तुमचं वाचून खाली जाऊन बघून आलो, नऊपैकी एकावरही नाही. अंगावर काटा आला.

नेरुळची_मावशी | रविवार, सकाळी ११.०५

तुमचे आजोबा कसे आहेत आता? आजींच्या पाटल्या गेल्या म्हणजे पैशापेक्षा ते जास्त लागतं.

आमच्याकडे नेरुळला तर रोज वेगळा चेहरा. एजन्सीवाला म्हणतो रिलीव्हर आहे. रिलीव्हर म्हणजे ज्याची पडताळणीच करत नाहीत तो, कारण तो "परमनंट नाही", आणि हा परमनंट नसलेला माणूस आमच्याकडे पाच महिने होता. मी कमिटीत लेडीज मेंबर आहे, मी पोलीस स्टेशनला तीन पत्रं दिली, आमच्या गेटवरच्या माणसांची यादी फोटोसकट. तिन्हींवर पोचपावती घेतली, हटून बसून घेतली. उत्तर एकाचंही नाही.

मला सारखं बदलापूर आठवतं. ऑगस्ट २०२४. शाळेत कंत्राटी सफाई कामगार, नुकताच लागलेला, लहान मुली. त्याला कोणी तपासून घेतलं होतं हे विचारायच्या आधी तर त्या आईला तक्रार नोंदवायला तासन्‌तास बसवून ठेवलं. लोक रेल्वे ट्रॅकवर उतरले तेव्हा कुठे हललं सगळं, पोलिसांचं निलंबन झालं, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. पुढच्या महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने गेला, त्याच्यावर खटला चाललाच नाही. आता शाळांनी सगळ्यांची पडताळणी करावी असं शासनाचं सांगणं आहे, चांगलंच आहे, पण परत तेच ना, करायचं शाळेने आणि पोलिसांनी वेळेत उत्तर नाही दिलं तर? त्याचं कुठे काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

जुना_लंडनकर | रविवार, दुपारी २.३०

मी २००४ ते २०११ लंडनला होतो, आता खारघर. तुमचं वाचताना मला तिकडचं एक प्रकरण जसंच्या तसं आठवलं, लिहितो कारण तिथे पण भोक याच ठिकाणी होतं.

ब्रिटनमध्ये २००१ चा कायदा करून सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटी नावाची सरकारी संस्था काढली, प्रत्येक गार्डला तिचं लायसन्स लागतं, एजन्सीला नाही हं, गार्डला स्वतःला. फोटोवालं कार्ड असतं, ड्युटीवर असताना दिसेल असं लावावं लागतं. आम्हाला वाटायचं वा काय सिस्टीम आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पेपरला फुटलं की ज्यांना ब्रिटनमध्ये काम करायचा हक्कच नाही अशा हजारो परदेशी लोकांना या संस्थेने लायसन्स दिलेत. आधी आकडा पाच हजार सांगितला, डिसेंबरपर्यंत तो अकरा हजारांच्या आसपास गेला. त्यातले काही लंडन पोलिसांच्याच जागांवर पहारा देत होते, आणि एक जण जिथे पंतप्रधानांची गाडी दुरुस्तीला आली होती तिथे!

झालं कसं, तर संस्था बघायची ओळख आणि गुन्ह्याचं रेकॉर्ड. देशात काम करायची परवानगी आहे का ते बघायची जबाबदारी कायद्याने मालकाची. मालक म्हणायचा, सरकारचं लायसन्स आहे ना, मग आम्ही काय परत तपासायचं. दोघांनी एकमेकांवर भरवसा टाकला आणि मधून माणसं निघून गेली. कोलशेतकर, तुमची एजन्सी आणि तुमचं पोलीस स्टेशन, हेच आहे की नाही?

पण मला जे जास्त लक्षात राहिलंय ते पुढचं. होम सेक्रेटरी, म्हणजे तिकडच्या गृहमंत्री, जॅकी स्मिथ यांना जुलैमध्येच कळलं होतं, लोकांना कळलं नोव्हेंबरात. खात्यातला आतला पत्रव्यवहार फुटला, त्यात पेपरवाल्यांना द्यायची उत्तरं पटण्यासारखी नाहीत अशी चर्चा होती. त्यांना पार्लमेंटमध्ये उभं राहून तारीखवार सांगावं लागलं की मला कधी कळलं, मी काय केलं, किती लायसन्स परत तपासली. राजीनामा नाही दिला, २००९ पर्यंत पदावर होत्या, त्यामुळे तिकडे सगळं रामराज्य आहे असं मी म्हणत नाही. उलट गृहखात्यातल्या अशा कागदफुटीच्या तपासात विरोधी पक्षाचे खासदार डेमियन ग्रीन यांना नोव्हेंबर २००८ मध्ये पोलिसांनी अटक केली, पुढे खटला भरलाच नाही. आणि त्याच्या आधी, मे २००६ मध्ये, चार्ल्स क्लार्क यांचं गृहमंत्रिपद गेलं होतं, कारण १०२३ परदेशी कैदी देशाबाहेर पाठवायचा विचारही न करता तुरुंगातून सोडले गेले होते. आकडा बघा, १०२३. मोजलेला आकडा आहे. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात किती वॉचमनची पडताळणी बाकी आहे हा आकडा विधानसभेत कोणी मागेल का?

कळवा_नाका | रविवार, दुपारी ३.१५

एवढं लांब जायची गरज काय, सगळे बांगलादेशी आहेत. जानेवारी २०२५ ला सैफ अली खानवर हल्ला झाला तेव्हा आरोपी कुठे सापडला, आपल्या कासारवडवलीला. पोलीस म्हणाले बांगलादेशी, हाउसकीपिंगमध्ये काम करत होता. बंगाली बोलणारा माणूस ठेवायचाच नाही, विषय संपला.

निवृत्त_खाकी | रविवार, संध्याकाळी ६.५०

३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली काही गोपनीय शाखेत. आधी कोलशेतकरांना सांगतो आणि मग कळवा नाका यांना.

पडताळणी म्हणजे काय हे लोकांना माहीतच नाही. अर्ज आला की त्यातलं नाव आणि पत्ता घेऊन आम्ही रेकॉर्ड बघतो की या नावावर गुन्हा आहे का. नसेल तर "निरंक". बस्स. दिलेलं नावच खोटं असेल तर खोट्या नावावर गुन्हा कुठून असणार? म्हणजे जितकं नाव खोटं तितकं सर्टिफिकेट स्वच्छ. हे मी स्वतः वरिष्ठांना लेखी दिलं होतं एकदा. मूळ गावच्या पोलीस स्टेशनला पत्र पाठवतात, ते दुसऱ्या राज्यातलं असेल तर उत्तर यायला महिने लागतात, किंवा येतच नाही, तोवर तो वॉचमन तिसऱ्या एजन्सीत गेलेला असतो. २६/११ नंतर देशभरातली पोलीस स्टेशनं एका कॉम्प्युटरच्या जाळ्यात जोडायला घेतली, सीसीटीएनएस म्हणतात, त्याने गुन्ह्याचं रेकॉर्ड शोधणं सोपं झालं हे खरं. पण समोरचा माणूस तोच आहे का, हे फोटोवरून किंवा बोटांच्या ठशांवरून जुळवायला हवं. आणि नागरिकत्व तर या फॉर्ममध्ये कोणी तपासतच नाही. लंडनकर म्हणतात तेच, गुन्हा बघणारा वेगळा आणि हक्क बघणारा वेगळा आणि दुसरा जागेवरच नाही.

पोलिसांची बाजू पण सांगतो. टेबलावर एक हवालदार, त्याच्याकडे पासपोर्ट, भाडेकरू, घरकामगार, वॉचमन सगळे अर्ज, आणि सणावाराला तोच बंदोबस्ताला. गठ्ठा पडून राहतो. पण म्हणून पोचपावती न देणं मला कधीच पटलं नाही. पावती दिली की तारीख चढते आणि तारीख चढली की जाब द्यावा लागतो, म्हणून देत नाहीत. कटू आहे पण खरं आहे.

आता कळवा नाका. असं बोलू नका. जून २०२५ मध्ये मीरा रोडवरून उचललेला बंगालचा कामगार सीमेपलीकडे ढकलला, भारतीय निघाला, परत आणावा लागला. आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं आहे हे. ज्या यंत्रणेला आत कोण आला हे कळत नाही, तिला बाहेर कोणाला काढायचं हे तरी कसं कळणार? दोन्हीकडे चूक एकच, कागद नीट न तपासता सही करणं. आणि भाषेवरून ओळखायला लागलो तर कागदपत्र खरी असलेला गरीब पकडला जाईल आणि खोटा आधार खिशात असलेला सलाम करून गेट उघडेल.

कळवा_नाका | रविवार, संध्याकाळी ७.२०

मीरा रोडचं मला माहीत नव्हतं. ठीक आहे काका, शब्द मागे घेतो. पण आधार असून उपयोग नाही मग काय बघायचं आम्ही?

निवृत्त_खाकी | रविवार, संध्याकाळी ७.४५

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आधार कायद्यातच कलम ९ मध्ये लिहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने ठाण्यातल्याच एका केसमध्ये जामीन नाकारताना सांगितलं की आधार, पॅन, मतदार कार्ड नुसतं असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. आता मला विचाराल तर, हे काम सोसायटीचं नाहीच. तुम्ही कोण नागरिकत्व ठरवणारे? तुम्ही फक्त एवढं बघा, कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करून फोटो जुळतो का, आणि अर्जाची पोच आहे का. पुढचं सरकारने करायचं, १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा लागू झालाय, अधिकार सगळे त्यांच्याकडे आहेत.

वाशी_सेक्टर९ | रविवार, रात्री ९.१०

माझे वडील वॉचमन होते, २६ वर्षं. बुलढाण्याहून आलेले. म्हणून मला पण बोलायचंय.

ते सुरक्षा रक्षक मंडळात नोंदलेले होते. महाराष्ट्रात १९८१ चा कायदा आहे खाजगी सुरक्षा रक्षकांचा, माथाडीसारखाच, बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्याचं मंडळ आहे. पगार मंडळातून, पीएफ, बोनस, सगळं. नोंद होताना त्यांची कागदपत्रं, गावाकडचा दाखला, सगळं तपासलेलं. वडिलांचं ओळखपत्र आईने अजून देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय. मग सोसायट्या मंडळाचे रक्षक का घेत नाहीत? महाग पडतात म्हणून. एजीएममध्ये मी स्वतः ऐकलंय, "निम्म्यात मिळतो की एजन्सीचा".

निम्म्यात जो मिळतो तो कसा मिळतो ते पण ऐका. बारा तास ड्युटी, सुट्टी नाही, ओरिजिनल मार्कशीट एजन्सी ठेवून घेते, पडताळणीचे आणि युनिफॉर्मचे पैसे पहिल्या पगारातून कापतात. ज्याच्याकडे खरे कागद आहेत तो दोन महिन्यात वैतागून डिलिव्हरीला निघून जातो. ज्याच्याकडे कागद नाहीत तो कुठे जाणार, तो निमूट उभा राहतो, आणि एजन्सीला असाच माणूस बरा वाटतो. चेकिंगला कोणी येत नाही म्हणून हे चाललंय. लेबरचा इन्स्पेक्टर नाही, गृह विभागाचा नाही. मी वाशीला वाढलो, आमच्या गेटवर कधी तपासणीला आलेला सरकारी माणूस मी आयुष्यात बघितला नाही.

आणि प्लीज, कुठे काही झालं की "वॉचमनच असेल" असं लगेच म्हणू नका. आमच्या घरी पोलीस येऊन गेलेत एकदा, बिल्डिंगमधली सायकल हरवली म्हणून. वडील दोन दिवस जेवले नव्हते.

नेरुळची_मावशी | रविवार, रात्री ९.३२

बाळा, तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या एजीएमला मी मंडळाचा विषय लेखी देणार आहे, मेंटेनन्स वाढला तर वाढू दे.

कोलशेतकर | सोमवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. वाशीकर, तुमचं बरोबर आहे, मी वरच्या पोस्टमध्ये तसं म्हटलं नव्हतं पण आमच्या लिफ्टमध्ये हेच बोललं जातंय, मी थांबवीन.

आज दोन माहिती अधिकार अर्ज टाकले. खाकी काकांशी फोनवर बोलून मसुदा केला, दुसऱ्या कोणाला करायचा असेल तर सांगतो. अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा पाहिजे, आपल्या राज्याचा नियम आहे, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कोणाची नावं मागायची नाहीत, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात, आकडे आणि तारखा मागायच्या. पोलीस स्टेशनला विचारलंय: गेल्या तीन वर्षांत सुरक्षा रक्षकांच्या पडताळणीचे अर्ज किती आले, किती निकाली, किती प्रलंबित, आवक नोंदवहीच्या त्या पानांच्या प्रती. गृह विभागाला विचारलंय: ठाणे जिल्ह्यातल्या किती एजन्सींची कलम १६ खाली तपासणी झाली, कोणत्या तारखेला, तपासणाऱ्याचं पद काय.

कोलशेतकर | ३४ दिवसांनी, शनिवार, सकाळी ८.०५

अपडेट देतो. पोलीस स्टेशनचं उत्तर एका ओळीत: "सदर माहिती संकलित स्वरूपात ठेवली जात नाही." गृह विभागाने अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला, त्यांनी तिसरीकडे, तीन पत्रं आली, तिन्हीत माहिती नाही.

पण जनमाहिती अधिकाऱ्याला भेटायला गेलो तेव्हा रेकॉर्ड बघायची परवानगी मागितली आणि मिळाली, तिथल्या एका मॅडमनी स्वतः रजिस्टर काढून दिलं, त्यांचे आभार मानले पाहिजेत. आमच्या एजन्सीची नोंद आहे! म्हणजे एजन्सी खोटं बोलत नव्हती. मागच्या वर्षी ४६ अर्जांचा गठ्ठा एकाच आवक क्रमांकाने घेतलेला आहे, "आमच्याकडे आलेलाच नाही" म्हणणाऱ्या त्याच स्टेशनात. पुढे "कार्यवाही" चा रकाना, तो पूर्ण कोरा. आणि त्याच ४६ मध्ये एकाने खोट्या आधारवर आमच्या गेटवर अकरा महिने काढले, बाकीचे ४५ आज कुठल्या सोसायटीत, कुठल्या शाळेच्या फाटकावर आहेत देव जाणे.

मी त्या पानाची प्रत मागितली, रीतसर पैसे भरून, शिक्क्यासकट घेतली. सेक्रेटरींच्या नोटिशीच्या उत्तराला तीच जोडलीय. प्रथम अपील केलंय, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, सुनावणी येत्या गुरुवारी अकरा वाजता. आजोबा म्हणाले मी पण येतो, त्यांना दागिन्यांचं विचारायचं नाहीये म्हणे, तो मुलगा मला "बाबा" म्हणायचा, त्याचं खरं नाव काय ते विचारायचंय.

ठाण्यातलं कोणी सोबत यायला मोकळं असेल तर बरं होईल.

ब्रह्मांड_रहिवासी | शनिवार, सकाळी ८.२२

मी येतो. आमचे नऊ फॉर्म घेऊन येतो, तो आवक क्रमांक मला पाठवा, आमचीपण एजन्सी तीच आहे.

नेरुळची_मावशी | शनिवार, सकाळी ८.५०

मी नेरुळहून निघते, ट्रान्स हार्बरने ठाण्याला दहाला पोचेन. तीन पोचपावत्या आहेत माझ्याकडे, ओरिजिनल.

निवृत्त_खाकी | शनिवार, सकाळी ९.१५

ओरिजिनल कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स काढून आणा. आजोबांना खुर्ची मिळेल असं बघतो, मी साडेदहालाच गेटवर असेन.